सुपारी घ्यावी की तंबू ठोकावा?

पाडवा जवळ आला की नारायणगावला तमाशा फडांच्या राहुट्या लागतात. गावोगावच्या यात्रा कमिटीची माणसं तिथे येतात, कुठल्या तिथीला कुठला फड हवा ते सांगतात, घासाघीस होते आणि सुपारी ठरते. हा पैसा गावाने घराघरांतून वर्गणी काढून उभा केलेला असतो, म्हणून यात्रेच्या रात्री खेळ सगळ्यांना फुकट. दुसरा प्रकार तंबूचा. फडाने स्वतःच्या खर्चाने कनात बांधायची आणि गेटवर तिकीट फाडायचं. लोक लोटले तर कमाई, अवकाळी पाऊस आला तर ट्रकचं डिझेलसुद्धा अंगावर.

चित्रकार मित्रमैत्रिणी मला हल्ली वारंवार विचारतात, "पुस्तक काढायचंय, क्राउडफंडिंग करू की सरळ विकू?" तेव्हा मी त्यांना हे दोन खेळ सांगतो. क्राउडफंडिंग, म्हणजे वेबसाइटवरून अनेकांकडून थोडे थोडे पैसे आधीच गोळा करणं, ही झाली सुपारी; थेट विक्री म्हणजे तंबू. सुपारीत पैसा आधी ठरतो, पण ठरल्या दिवशी ठरल्या गावात उभं राहावंच लागतं. तंबूत कुणाचं देणं नसतं, मात्र खड्डा पडला तर तो आपल्याच खिशाला. एकात जोखीम आधी पैसे देणाऱ्याने उचललेली असते, दुसऱ्यात कलाकाराने.

शब्द नवा असला तरी गोष्ट आपल्याकडे जुनीच आहे. श्रीधर व्यंकटेश केतकरांनी महाराष्ट्रीय ज्ञानकोशासाठी नागपूरला चक्क लिमिटेड कंपनी काढली, तिचे भाग (शेअर) विकले, वर्गणीदार गोळा केले आणि २३ खंड तडीस नेले. 'प्रकाशनपूर्व सवलत' ही मराठी प्रकाशकांची नेहमीची रीतही त्याच जातीची: अमुक तारखेपर्यंत पैसे भरा, पुस्तक स्वस्तात घ्या. भरलेल्या पैशांतून छपाईचं बिल निघायचं. फरक एवढाच, की आता मध्ये एक वेबसाइट येऊन बसली आहे आणि ती कमिशन घेते.

निवड करण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारावा. आपलं घोडं पैशापाशी अडलंय की माणसांपाशी? घ्यायला तयार असलेली माणसं आहेत, फक्त छापायला पैसे नाहीत, अशी स्थिती असेल तर क्राउडफंडिंग कामाला येतं. माणसंच नसतील तर ते काहीही करत नाही. बहुतेकांचा घोळ इथेच होतो. वेबसाइटवर पान टाकलं की अनोळखी रसिक धावून येतील, असं वाटत असतं. येतात ते मावशी, कॉलेजचा ग्रुप, जुन्या ऑफिसातले दोघे, आणि गेली काही वर्षं आपलं काम बघत आलेले लोक. वर्गणीची पावती फाडायला गाव आधी असावं लागतं.

या विषयावर बोलताना 'मंथन'चा दाखला हमखास दिला जातो. श्याम बेनेगलांचा १९७६ चा चित्रपट, गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये दिले, १० लाख उभे राहिले. हे सगळं खरं आहे. पण त्यातून काढला जाणारा 'लोक कलेसाठी पैसे देतात' हा धडा अर्धाच आहे. ते ५ लाख लोक सकाळ-संध्याकाळ दूध घालायला गावच्या केंद्रावर येतच होते. त्यांची नावं वहीत होती, हिशेब दूध संघाकडे होता, आणि चित्रपट त्यांच्याच गोष्टीवर होता. बेनेगलांना माणसं शोधावी लागली नाहीत. आपल्याकडे अशी दुधाची वही आहे का, हे बघायचं.

आता आकडे. उदाहरणासाठी एक रंगीत चित्रपुस्तक घेऊ, ९६ पानांचं. पुढचे दर मी हिशेबाच्या सोयीसाठी धरले आहेत. आपल्या प्रेसचं कोटेशन घेऊन तिथे आपले आकडे घालावेत. संपादन, मांडणी, स्कॅनिंग, प्रूफ असा एकरकमी खर्च ४०,००० रुपये. ऑफसेटवर १,००० प्रती छापल्या तर प्रत १५० रुपयांना पडते, म्हणजे छपाई दीड लाख. डिजिटलवर १०० प्रती काढल्या तर प्रत ३८० रुपयांना. किंमत ४५० रुपये.

ऑफसेट आणि डिजिटलमधला हा फरकच सगळा निर्णय फिरवतो. ऑफसेटमध्ये प्लेट बनवण्याचा आणि मशीन लावण्याचा खर्च १०० प्रतींना तेवढाच आणि १,००० प्रतींनाही तेवढाच. म्हणून संख्या वाढली की दर धाडकन खाली येतो. डिजिटलमध्ये प्लेटच नाही. पहिली प्रत आणि शंभरावी प्रत जवळपास सारख्याच भावाची.

तंबूचा हिशेब आधी करू. डिजिटलच्या १०० प्रती, प्रत्येकी ४५० ला, टपालखर्च गिऱ्हाइकाकडून वेगळा. प्रतीमागे ७० रुपये सुटतात. सगळ्या विकल्या तरी ७,००० रुपये. सुरुवातीचे ४०,००० वसूल व्हायला ५७२ प्रती विकाव्या लागतील, आणि तेवढ्या विकणार असाल तर मग ऑफसेटच का नाही? म्हणजे या आकाराचं पुस्तक थोडं थोडं छापून, थोडं थोडं विकून उभं राहत नाही. हे कळायला मला दोन वर्षं लागली, तुम्हाला दोन मिनिटांत सांगतोय.

आता सुपारी. १,००० प्रती छापायच्या, तर १,९०,००० रुपये हवेत. मग क्राउडफंडिंगच्या मोहिमेचं लक्ष्य १,९०,००० ठेवायचं, बरोबर? मी पहिल्या खेपेला हेच केलं होतं, आणि पुढचे चार महिने शिकवण्यांच्या पैशातून टपालाची तिकिटं आणली. नीट मांडणी अशी: माणूस ५०० रुपये देतो, त्यात पुस्तकाचे ४५० आणि टपालाचे ५०. वेबसाइटचं कमिशन १० टक्के धरलं तर त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे ५९ रुपये गेले. पैसे ऑनलाइन स्वीकारणारी गेटवे कंपनी २ टक्के आणि त्यावर जीएसटी घेते, ते १२ रुपये. पाकीट, पुठ्ठा, चिकटपट्टी आणि प्रत्यक्ष टपाल मिळून ७० धरू. हातात उरले ३५९. आता १,९०,००० भागिले ३५९ करा. ५३० माणसं लागतात, आणि त्यांच्याकडून जमा होणारी रक्कम २,६५,००० रुपये. लक्ष्य हे असायला हवं. १,९०,००० हा तर प्रेसचा आणि तयारीचा खर्च झाला. पुस्तक लोकांच्या दारात पोचवण्याचा खर्च त्यात नाहीच.

५३० लोकांना पुस्तकं पोचली की ४७० प्रती घरात उरतात, त्यांचे पैसे चुकते झालेले असतात. क्राउडफंडिंगमधली कलाकाराची खरी कमाई या उरलेल्या गठ्ठ्यांत असते. मोहीम 'यशस्वी' झाल्याच्या फोटोला लोक लाइक देतात, पण त्या दिवशी आपण जेमतेम शून्यावर आलेलो असतो. त्या ४७० प्रती पुढे थेट विकायच्या. म्हणजे सुपारी संपली की तंबू आहेच.

दुकानांतून विकल्या तर? विक्रेता आणि वितरक मिळून साधारण ४० ते ५० टक्के घेतात. ४५ टक्के धरले तर ४५० च्या पुस्तकाचे २४७ रुपये आणि ५० पैसे आपल्याकडे येतात, तेही प्रती विकल्यानंतर, म्हणजे कधीतरी. दुकानदारावर राग नको. भाडं, माणसं आणि महिनोन्‌महिने अडकलेली फळी हे सगळं त्यालाही सांभाळायचं असतं. मात्र डिजिटलची ३८० ची प्रत दुकानात ठेवणं म्हणजे प्रत्येक विक्रीला १३० रुपयांहून जास्त स्वतःच्या खिशातून भरणं.

क्राउडफंडिंगचे दोन मुख्य प्रकार आहेत. एकात लक्ष्य गाठलं तरच पैसे मिळतात, नाहीतर ज्याचे त्याला परत. २००९ साली सुरू झालेली किकस्टार्टर ही क्राउडफंडिंगची वेबसाइट याच तत्त्वावर चालते. दुसऱ्यात जेवढे जमतील तेवढे मिळतात. नवख्याला दुसरा प्रकार बरा वाटतो, कारण काहीच हाती न लागण्याची भीती नसते. छापील पुस्तकासाठी मला तो घातक वाटतो. समजा २,६५,००० च्या ऐवजी ८०,००० जमले. आता १६० माणसांना पुस्तक द्यायचं वचन आपल्या डोक्यावर आहे आणि ऑफसेटची १,००० प्रतींची ऑर्डर देण्याएवढे पैसे नाहीत. तोट्यात डिजिटल छापायचं किंवा १६० जणांची माफी मागायची. 'सगळं किंवा काहीच नाही' या प्रकारात मोहीम पडली तर मान खाली जाते, पण देणं राहत नाही. पुस्तकाला पुरेशी माणसं नाहीत हे छापण्याआधीच, फुकटात कळतं. किकस्टार्टरवर साधारण ४० टक्के मोहिमाच लक्ष्य गाठतात, तेव्हा पडण्यात फार एकटेपणाही नाही.

गाठल्यावरही गोष्ट संपत नाही. ईथन मॉलिक या अमेरिकी प्राध्यापकांनी किकस्टार्टरचा अभ्यास केला, त्यात पाऊण भागापेक्षा जास्त प्रकल्पांनी वस्तू उशिरा दिल्याचं दिसलं. नंतरच्या अभ्यासात साधारण ९ टक्के प्रकल्पांनी कबूल केलेली वस्तू दिलीच नव्हती. यातले लबाड थोडे असणार. बहुतेकांची गत लग्नाच्या आचाऱ्यासारखी होते: पानं वाढली आणि चूल तेवढीच राहिली. १०० पुस्तकं पॅक करायला एक रविवार पुरतो. ५३० ला पाच-सहा लागतात, शिवाय 'माझा पत्ता बदललाय' म्हणणारे वीस जण आणि पिनकोड चुकवणारे तीस.

मोहीम रंगीत करण्यासाठी लोक बक्षिसांची उतरंड रचतात: ५०० ला पुस्तक, १,००० ला पुस्तक आणि पोस्टर, २,००० ला सहीचं पोस्टर, मग आणखी टी-शर्ट. पोस्टरचं एक गणित ऐका. कागदाच्या नळीत गुंडाळलेलं पोस्टर वजनाला १५० ग्रॅम भरतं. कुरियरवाले मात्र आकारावरूनही वजन काढतात. लांबी, रुंदी, उंची सेंटिमीटरमध्ये गुणायची आणि बहुधा ५,००० ने भागायची. ६० बाय ८ बाय ८ ची नळी कागदोपत्री पाऊण किलोची होते. छापायला ४० रुपये, पाठवायला त्याच्या दुप्पट-तिप्पट. पुस्तकातच बसेल अशी सपाट भेट द्यावी: सहीचं पोस्टकार्ड, बुकमार्क, आतल्या पानावर पेनने काढलेलं छोटं चित्र. टी-शर्टच्या मापांचा विषय तर काढूच नका.

पैसे मागण्याआधी काहीतरी दाखवावं लागतं, ही एक गोष्ट मात्र दोन्ही वाटांना लागू आहे. १९१२ मध्ये दादासाहेब फाळक्यांकडे कॅमेरा होता आणि भांडवल नव्हतं. त्यांनी कुंडीत वाटाणा लावला, समोर कॅमेरा ठेवला आणि रोज थोडं थोडं चित्रण करून अंकुराचा वेल होताना दाखवणारी मिनिटभराची फिल्म बनवली. ती पाहून पैसे देणारे पुढे आले. पौराणिक चित्रपट काढणार आहे, असं नुसतं तोंडाने सांगितलं असतं तर कुणी उभं केलं असतं का कोण जाणे. त्यामुळे मोहिमेच्या पानावर स्वतःच्या बालपणापासूनची कहाणी सांगत बसू नये. पुस्तकाची पूर्ण झालेली आठ-दहा पानं दाखवावीत, हात चालताना दाखवावा.

पैसे घेताना कायद्याच्या चार गोष्टी सांभाळाव्या लागतात. त्या कंटाळवाण्या आहेत, पण नंतर कळल्या तर महाग पडतात. पुस्तक द्यायच्या बोलीवर घेतलेले पैसे म्हणजे आपलं उत्पन्न, देणगी नव्हे. ते आयकर विवरणात दाखवायचे. आर्थिक वर्षाच्या शेवटी मोहीम करून छपाई पुढच्या वर्षात ढकलली तर पैसे एका वर्षात आणि खर्च दुसऱ्यात दिसतो, म्हणून फेब्रुवारी-मार्च टाळावा किंवा आधी सीएशी बोलावं. छापील पुस्तकावर जीएसटी शून्य आहे. कॅलेंडर, टी-शर्ट यांवर तो लागतो, आणि असा करपात्र माल पुण्याहून बेळगावला, म्हणजे दुसऱ्या राज्यात विकला, की ४० लाखांच्या उलाढालीची सवलत कामाला येत नाही. काही ठरावीक हस्तकलेच्या वस्तू सोडल्या तर नोंदणीचा प्रश्न पहिल्याच नगापासून उभा राहतो. बक्षिसांत पुस्तकाबरोबर टी-शर्ट नको म्हणण्याचं हे दुसरं कारण. आणि 'नफ्यात वाटा देतो' असं चारचौघांत जाहीर करून पैसे कधीच घेऊ नयेत. ती गुंतवणूक ठरते, आणि तिथून सेबी (शेअर बाजारावर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) व कंपनी कायद्याची हद्द सुरू होते.

परदेशातल्या मराठी मंडळींचा आधार मोठा असतो, पण तिथेही पाय जपून टाकायचा. किकस्टार्टरवर मोहीम चालवायला त्यांच्या यादीतल्या देशातलं बँक खातं आणि ओळख लागते, आणि त्या यादीत भारत नाही. न्यू जर्सीतल्या मित्राच्या नावाने मोहीम काढता येते, फक्त मग पैसा त्याच्या नावावर जमा होतो आणि कराचं उत्तरही त्यालाच द्यावं लागतं. मैत्री जुनी असली तरी हे कागदावर लिहून ठेवावं. अमेरिकेचं नागरिकत्व घेतलेल्या कुणी ओळखीच्याने पुस्तक विकत घेतलं तर ती साधी विक्री. त्यांनीच 'तुझ्या सांस्कृतिक कामाला देणगी' म्हणून पैसे पाठवले तर परदेशी देणग्यांचा एफसीआरए कायदा मध्ये येतो. म्हणून बिल फाडा, पुस्तक पाठवा.

एवढं सगळं वाचून 'मग करायचं काय' असं वाटत असेल, तर माझं मत असं. पहिल्यांदा पुस्तक काढणाऱ्याने पुस्तकापासून सुरुवातच करू नये. त्यातली चित्रं आधी विकावीत. ए-फोर आकाराचा चांगल्या कागदावरचा प्रिंट ६० रुपयांना पडला आणि ३०० ला विकला, तर २४० सुटतात. असे २०० प्रिंट गेले की ४८,००० झाले. पुस्तकाचा सुरुवातीचा ४०,००० चा खर्च निघाला, वर थोडे उरले. काळाघोडासारखा महोत्सव, गावातलं दिवाळी प्रदर्शन, सोसायटीतला गणपती, कुठेही टेबल लावता येतं. यूपीआयवर व्यापाऱ्याला कमिशन पडत नाही, म्हणून ३०० चे ३०० हातात येतात.

त्या टेबलावर पैशाहून मोलाची गोष्ट मिळते ती नावं. प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारावं, 'पुस्तक निघालं तर कळवू का?' हो म्हणाले तर नाव आणि नंबर वहीत. ही आपली दुधाची वही. इन्स्टाग्रामचे दहा हजार फॉलोअर त्यात धरू नयेत. त्यांना आपली पोस्ट दाखवायची की नाही हे भलताच कुणी ठरवतो. माझा ठोकताळा असा, की वहीतल्या दहांपैकी एक-दोन प्रत्यक्षात पैसे भरतात. ५३० हवेत तर वहीत तीन-चार हजार नावं हवीत. ती नसतील तर पुस्तक लहान करायचं. रंगीत ९६ पानांऐवजी ३२ पानांचं, एका रंगातलं, पिना मारलेलं. दोनशे प्रती, टेबलावरच विक्री, ना मोहीम ना कमिशन.

वहीत तीनएक हजार नावं जमली की तिसरी वाट उघडते, आणि ती मला सगळ्यात आवडते. जुनी प्रकाशनपूर्व नोंदणी, नव्या कपड्यांत. एक साधा ऑनलाइन फॉर्म, खाली यूपीआयचा क्यूआर, व्हॉट्सॲपवर निरोप. वेबसाइटचं कमिशन आणि गेटवे मिळून जाणारे ७१ रुपये वाचतात, म्हणजे प्रतीमागे ३५९ ऐवजी ४३० उरतात आणि ५३० ऐवजी ४४२ माणसं पुरतात. नावं कमी पडली तर साधी बांधणी, थोडी कमी पानं करून आकडा आणखी खाली आणायचा. यासाठी वेगळं बँक खातं उघडावं, म्हणजे लोकांचे पैसे वाणसामानात मिसळत नाहीत. अमुक तारखेपर्यंत अमुक नोंदणी झाली नाही तर सगळ्यांचे पैसे परत, हे फॉर्मवर ठळक लिहावं आणि पाळावं. वेबसाइट जो धाक आपल्यावर ठेवते तो इथे स्वतःच ठेवायचा असतो. तो ठेवता येत नसेल, उधारीला हात सैल असेल, तर कमिशन भरून वेबसाइटच बरी. काहींना तिचा दुसराही उपयोग होतो: ओळखीबाहेरच्या माणसाला क्यूआर कोडपेक्षा वेबसाइटवर जास्त भरवसा वाटतो.

टपालाचं दर वेळी नव्याने बघावं. टपाल खात्याने १ मे २०२५ पासून ज्ञान पोस्ट सुरू केलं; शैक्षणिक, सांस्कृतिक, धार्मिक पुस्तकांसाठी ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये आणि ५ किलोपर्यंत १०० रुपये, वर कर. पाकिटात जाहिरात चालत नाही, पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव हवं, आणि ते जमिनीवरून सावकाश जातं. पुस्तकाचं वजन मांडणी करतानाच काढून घ्यावं. कागद ठरवताना प्रेसवाल्याकडून कोरी डमी (न छापलेल्या पानांची नमुना प्रत) बांधून घ्यायची आणि पाकिटासकट काट्यावर ठेवायची. थोडा हलका कागद घेतला आणि वजन एक टप्पा खाली आलं, तर ५३० पाकिटांवर वाचलेला पैसा डोळ्यांना दिसतो.

आणि गठ्ठे ठेवायची जागा प्रेसला ऑर्डर देण्याआधी ठरवावी. १,००० प्रती म्हणजे चार-पाचशे किलो कागद. टेंपोवाला तो जिन्याखाली उतरवून निघून जातो. माझे पहिले गठ्ठे दिवाणाखाली सरळ फरशीवर होते. जुलैत खालच्या थराची पानं लाटेसारखी वर आली आणि ३८ प्रती रद्दीत गेल्या. आता खाली लाकडी फळ्या असतात, भिंतीपासून वीतभर अंतर असतं, आणि पावसाळ्यात दर पंधरवड्याला मी हात घालून बघतो.